अण्णा म्हणाले, धोटा चुकतोय

अण्णांना अटॅक आला मार्चमध्ये, पण मी हे लिहायला बसलेय ते त्यानंतर पावणेदोन महिन्यांनी जे झालं त्यासाठी. अटॅकबद्दल आता बऱ्याच जणांना माहितीय, छातीत दुखलं, हात भरून आला, घाम फुटला की पळायचं. पण अटॅक येऊन गेल्यावर, स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) टाकून माणूस घरी आल्यावर, शेजारपाजारचे नारळपाणी घेऊन "वाचलात बघा अण्णा, आता काही घोर नाही" असं म्हणून गेल्यावर, पुढं घरच्यांनी बघत काय राहायचं? हे आम्हाला कळलंच नव्हतं. डिस्चार्जच्या दिवशी सांगितलंही असेल कुणी, पण बिल, औषधं, रिक्षा या गडबडीत आमच्या डोक्यात शिरलं नाही. आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ एकच विचारायचो, छातीत दुखतंय का? आणि अण्णा खरंच सांगायचे, नाही दुखत. दुखत नव्हतंच. त्यांचे ठोके बिघडत होते.

आधी अण्णा कोण ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. अण्णांनी चाळीस वर्षं यंत्रमागावर काढली, आधी अशोक चौकाच्या अलीकडं एका शेडमध्ये, नंतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलचे माग. शेवटची पंधरा वर्षं जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. मी शाळेत असताना डबा घेऊन जायचे तेव्हा बघितलंय, वीस-पंचवीस माग एकदम खडखडत असायचे, शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही असा आवाज, आणि अण्णा दारात नुसते उभे राहून सांगायचे, तिकडचा तिसरा बघ, धोटा उशिरा पोचतोय. (धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागाच्या या टोकाकडनं त्या टोकाकडं धावतो तो.) जाऊन बघितलं की खरंच तसंच असायचं. हे कान त्यांचे. ते कान त्यांनी स्वतःच्या छातीला लावले होते आणि आम्हाला सांगितलंही होतं, आम्हीच ऐकलं नाही.

अटॅकच्या दिवशी पहाटे गॅस झालाय म्हणून सोडा पिण्यात दोन तास गेले, मग दादानं गाडीवर मधे बसवून नेलं (हे करू नका, १०८ ला फोन करा, गाडीवरच काही झालं असतं तर काय केलं असतं आम्ही). पुढच्या बाजूची मोठी रक्तवाहिनी पूर्ण बंद, लगेच अँजिओप्लास्टी, एक स्टेंट. दुपारी अण्णा बोलत होते, चहा मागत होते. आम्ही सुटकेचा श्वास टाकला, आणि त्याच रात्री दहाच्या सुमारास आयसीयूच्या काचेतून मी बघत असताना त्यांच्या डोक्यावरच्या मॉनिटरची रेघ एकदम वेडीवाकडी झाली. डोंगर नाही दरी नाही, नुसतं थरथरणं. अलार्म वाजला, सिस्टर पळत आल्या, पडदा ओढला. शॉक दिला. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा झालं नसेल. अण्णांना सकाळी काहीच आठवत नव्हतं, फक्त छातीच्या कातडीवर लाल डाग का आहे ते विचारत होते.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी ईसीजीच्या कागदाच्या पाठीमागं पेनानं काढून समजावलं. हृदय चालतं ते विजेवर, वरून खाली एका ठरलेल्या वाटेनं करंट जातो आणि सगळे स्नायू एका सुरात आवळतात. अटॅकमध्ये स्नायूला रक्त मिळत नाही, तो तडफडतो, आणि तिथनं भलतेच करंट सुटायला लागतात. सगळ्यांनी एकदमच आपापलं सुरू केलं की हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढं ढकलतच नाही. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात, आणि हा धोका सगळ्यात जास्त पहिल्या काही तासांत, पहिल्या एक-दोन दिवसांत असतो. शॉकला उशीर झाला तर दर मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. अटॅकच्या पेशंटला "बरं वाटतंय की" असं म्हणत असतानाही मॉनिटरला लावून का ठेवतात हे मला त्या दिवशी कळलं. अशा पेशंटसाठी वेगळा वॉर्ड, सारखा मॉनिटर आणि शेजारी शॉकचं मशीन, ही पद्धतच मुळात १९६० च्या दशकात या एका कारणासाठी सुरू झाली. त्याच्या आधी माणसं साध्या वॉर्डात झोपेतच जायची. तेव्हा दुसऱ्या दिवशीच "बरं आहे, घरी सोडा" म्हणून डॉक्टरांच्या मागं लागणाऱ्या नातेवाइकांना मला हात जोडून सांगावंसं वाटतं, राहू द्या हो त्यांना तिथं.

शेजारच्या बेडवर अक्कलकोटकडचे एक काका होते, त्यांचं आमच्या उलट होतं. त्यांना हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक, आणि नाडी ३४. करंट वरून खाली पोचवणारी जी गाठ असते तिला रक्तपुरवठा बहुतेक लोकांत उजव्या रक्तवाहिनीतनं होतो, आणि खालच्या बाजूचा अटॅक बहुतेक वेळा तीच बंद झाल्यानं येतो, त्यामुळं ठोका वरून निघतो पण खाली पोचत नाही, हार्ट ब्लॉक. लोक ब्लॉक म्हणलं की नळीतला ब्लॉक समजतात, हा वेगळा, हा विजेच्या वायरीतला. त्यांना मानेतून तात्पुरत्या पेसमेकरची वायर घातली होती, तिसऱ्या दिवशी गाठ आपली आपण सुधारली आणि वायर काढली. खालच्या बाजूच्या अटॅकमध्ये बरेचदा असं सुधारतं म्हणे, पुढच्या बाजूच्या मोठ्या अटॅकमध्ये ब्लॉक झाला तर मात्र ते जास्त गंभीर.

पाचव्या दिवशी अण्णा घरी आले. साखर पेठेतलं जुनं घर, आई, दादा, वहिनी, मी जुळे सोलापूरहून दिवसाआड जायचे. एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ३० टक्के आलं होतं, ज्याला ईएफ म्हणतात, चांगल्या हृदयाचं ५५-६० च्या आसपास असतं. डॉक्टर म्हणाले होते काही स्नायू नुसता बधिर झालेला असतो, तो परत सावरतो, चाळीस दिवसांनी परत एको करू. गोळ्या होत्या, रक्त पातळ करायच्या दोन, कोलेस्टेरॉलची, लघवीची, आणि मेटोप्रोलॉल, हृदयाचा वेग आवरणारी.

आणि इथं आमची चूक झाली. दादानं काळजीनं डिजिटल बीपी मशीन आणलं, दोन वेळा बीपी घेऊन वहीत लिहायचं. एप्रिलच्या शेवटी मशीनवर पल्स यायला लागला ४४, ४१, एकदा ३९. मेटोप्रोलॉलनं नाडी कमी होते हे दादानं मोबाईलवर वाचलं होतं, अण्णाही म्हणाले ही गोळी खाल्ली की गळून जातं, आणि दोघांनी मिळून गोळी बंद करून टाकली. डॉक्टरांना न विचारता. मला चार दिवसांनी कळलं.

नंतर उलगडा झाला तो असा की नाडी ३९ नव्हतीच. हृदय ७८ वेळा चालत होतं, पण एक ठोका बरोबर आणि त्याच्या पाठोपाठ एक घाईत पडलेला, अर्धवट, ज्याला व्हेंट्रिक्युलर एक्टोपिक म्हणतात. घाईतल्या ठोक्यात हृदय भरलेलंच नसतं, त्यामुळं तो मनगटापर्यंत पोचत नाही. मशीन मनगट-दंडाचं मोजतं, त्याला निम्मेच ठोके दिसले. ठोके अनियमित असले की ही घरची मशीनं, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर, सगळे फसतात. म्हणजे जे ठोके बिघडलेत म्हणून ती गोळी जास्त गरजेची होती, तेच ठोके बघून आम्ही गोळी काढून घेतली! हे लिहिताना आत्ताही पोटात गोळा येतो.

त्याच दिवसांत मे सुरू झाला, सोलापूरचा मे, पारा ४२-४३. अण्णांना दोन दिवस जुलाब झाले आणि लघवीची गोळी चालूच होती. दोन्हीनं अंगातलं पोटॅशियम जातं, आणि ते कमी झालं की ठोके बिघडतात. तेव्हा आम्हाला पोटॅशियम हा शब्द केळ्यापुरताच माहीत होता. अण्णा दुपारी खुर्चीत बसले असताना एकदोनदा म्हणाले, डोळ्यापुढं क्षणभर काळं होतंय. आई म्हणाली ऊन बाधलंय, कैरीचं पन्हं दिलं. गल्लीतल्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले उन्हानं आणि अशक्तपणानं होतंय, ॲसिडिटीची गोळी दिली, ताकद येईल म्हणून सलाईन लावलं. अटॅक येऊन दीड महिना उलटून गेलाय, ईएफ ३० आहे, हे आम्ही सांगितलं होतं. नाडीला मात्र त्यांनी हात लावला नाही. मला त्यांच्यावर राग काढायचा नाही, दिवसाला शंभर पेशंट बघतात ते, पण अटॅकनंतर चक्कर आली की ऊन हे शेवटचं कारण धरायचं, पहिलं नाही, एवढं मला आता पक्कं कळलंय.

त्या रात्री मी तिथंच होते. अण्णा झोपले नव्हते, छातीवर हात ठेवून पडले होते. मला म्हणाले, "ऐक की गं, धोटा चुकतोय. खट खट खट, मग मधेच एक गप, मग एक जोरात." मी म्हणलं, "झोपा ओ अण्णा, मनाचे खेळ आहेत, उद्या बघू."

उद्या पाण्याचा दिवस होता. आमच्याकडं पाणी काही दिवसांच्या आड येतं आणि आलं की सगळं घर हातातलं सोडून भरायला लागतं. अण्णांना कुणी बादली उचलू देत नव्हतं, ते नुसते नळापाशी पाईप धरून उभे होते. पाईप हातातनं सुटला. मी वळून बघितलं तोवर ते पडले होते, आडवे, हात आधी पुढं नाही घेतले, कसलं हाक मारणं नाही, बसावंसं वाटतंय असं म्हणणं नाही, उभा माणूस सरळ खाली. चेहरा राखेसारखा. हातपाय दोन-चार वेळा झटकले. शेजारच्या मावशी धावत आल्या, म्हणाल्या फिट आली, कांदा आणा, चप्पल हुंगवा. आई तोंडात साखरपाणी घालायला निघाली. पाईपातलं पाणी सगळ्या अंगणात चाललेलं. वीसएक सेकंद असतील. मग अण्णांनी डोळे उघडले, चेहऱ्यावर रंग परत आला, आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "नळ बंद करा की."

हा फरक लक्षात ठेवा. फिट येऊन गेली की माणूस बराच वेळ गुंगीत, गोंधळलेला असतो. हृदयाच्या ठोक्यामुळं पडलेला माणूस मेंदूला रक्त मिळालं की पटकन शुद्धीवर येतो, सरळ बोलतो, आणि म्हणूनच घरचे "काही नाही, ठीक आहेत" म्हणून बसून राहतात. हात झटकणं दोन्हीत होतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी कशातच घालायचं नाही. आणि डोळे उघडले नसते, श्वास नीट चालत नसता, तर एकानं १०८ ला फोन आणि दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात, पाचएक सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, गाडी येईपर्यंत. दादा आता ते शिकून आलाय. त्या दिवशी आमच्यापैकी एकालाही येत नव्हतं.

दवाखान्यात पोचलो आणि ईसीजी काढला, तर तो जुना अटॅकचा जो होता तसाच, नवीन काही नाही, ठोके सरळ. दादा म्हणाला चला, नॉर्मल आहे. तिथल्या ज्युनिअर डॉक्टर मुलीनं आम्हाला थांबवलं, तिचे उपकार मी विसरणार नाही. म्हणाली, "ताई, ईसीजी दहा सेकंदांचा असतो. बाबा पडले तेव्हाचे दहा सेकंद आपल्याकडं नाहीत." अटॅक होऊन गेलेला, पंपिंग कमी, आणि काही न सांगता सरळ खाली पडले, एवढ्यावरच ॲडमिट करून मॉनिटरला लावावं लागतं, ईसीजी कितीही चांगला असो. रक्त तपासलं, पोटॅशियम ३.०. अशा पेशंटचं ते ४ च्या वर ठेवायला बघतात. मॅग्नेशियमही कमी. पहाटे सव्वातीनला मॉनिटरनं पकडलं, मिनिटाला १९० च्या वेगानं, रुंद रुंद ठोके, बावीस सेकंद, मग आपोआप थांबलं. व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. व्हीटी.

पहिल्या रात्रीचं आणि हे, दोन्ही ठोक्याचेच पण कारण वेगळं. अटॅकमध्ये मेलेल्या स्नायूच्या जागी काही आठवड्यांत व्रण तयार होतो. व्रणातनं करंट जात नाही. आपल्याकडं रस्ता खणला की रिक्षा गल्लीबोळातनं वळसा घेऊन परत त्याच चौकात येते, तसा करंट व्रणाला वळसा घालून परत सुरुवातीलाच येतो आणि गोल गोल फिरत राहतो, दर फेरीला एक ठोका. वेग इतका की हृदय भरायला वेळच नाही. हा व्रण आता जन्मभराचा आहे, म्हणून पहिल्या दोन दिवसांत सुटलो म्हणजे सुटलो असं नसतं.

दादानं विचारलं, मग ते मधले चुकार ठोके बंद करायची गोळी द्या ना. मलाही तेच वाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, हे डॉक्टर लोकांनाही एके काळी असंच वाटायचं. अमेरिकेत अटॅकनंतरच्या पेशंटना असे ठोके दाबणाऱ्या गोळ्या देऊन मोठा अभ्यास केला, ठोके कमी झालेही, पण १९८९ मध्ये दिसलं की गोळी घेणारे जास्त दगावतायत, आणि त्या गोळ्या तिथंच थांबवल्या. म्हणून चुकार ठोका दिसला की गोळी, असं नाही. मेटोप्रोलॉल मात्र खरोखर वाचवते, आणि तीच आम्ही बंद केली होती. ती एकदम बंद करायचीच नसते, नाडी कमी वाटली तर फोन करायचा.

पोटॅशियम भरलं, गोळी परत सुरू झाली, अँजिओग्राफी करून स्टेंट उघडा असल्याची खात्री केली, एको परत केला, ईएफ ३० च. मग आयसीडी बसवायचं ठरलं. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी पेटी, एक वायर हृदयात. व्हीटी आली की आधी ती स्वतः भरभर ठोके देऊन तिला मोडायचा प्रयत्न करते, त्याचा त्रास होत नाही, नाही मोडली तर शॉक देते. हे ज्यांच्या डोक्यातून आलं ते डॉ. मिशेल मिरोव्स्की, त्यांचे वरिष्ठ १९६६ मध्ये असल्याच ठोक्यांनी गेले, ते सारखं हॉस्पिटलात पडून राहू शकत नव्हते आणि घरी गेले की शॉक द्यायला कुणी नाही. तेव्हा मिरोव्स्कींना वाटलं मशीनच माणसाबरोबर घरी पाठवावं. लोक म्हणाले होणार नाही. १९८० मध्ये बाल्टिमोरला पहिलं बसलं. मी हे अण्णांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "जॉबर होता म्हणायचं तो पण." खर्च मोठा होता, आम्ही सोनं मोडलं, काही नातेवाइकांनी केलं, त्याबद्दल वेगळं कधीतरी लिहीन, योजनांचे कागद कसे गोळा करायचे तेही.

आता घरी काय करतो ते सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल. रोज संध्याकाळी अण्णांची नाडी हातानं बघतो. अंगठ्याच्या खाली, मनगटाच्या कडेला, दोन-तीन बोटं अलगद, आपला अंगठा वापरायचा नाही कारण त्याला स्वतःची नाडी असते. घड्याळ समोर ठेवून पूर्ण मिनिट, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण चुकायचा ठोका नेमका बाकीच्या पंचेचाळीसात असतो. नुसता आकडा लिहीत नाही, चाल लिहितो, सरळ, की मधे मधे गाळतेय, की कशाचाच कशाला मेळ नाही. हे शेवटचं, अजिबात मेळ नसलेलं, एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं, अटॅकनंतर तेही होतं, आणि त्यात हृदयात गुठळी होऊन लकव्याची भीती असते, म्हणून "थोडी धडधड आहे" म्हणून दिवस काढायचे नाहीत. आम्हाला डॉक्टरांनी सांगितलंय, बसल्या जागी १२० च्या वर राहिली किंवा ५० च्या खाली आणि सोबत चक्कर, दम, घाम, तर लगेच. आणि बेशुद्धी, एकदा का होईना, पाच सेकंद का होईना, तर वाट बघायची नाही. जुलाब-उलट्या झाल्या की त्याच दिवशी फोन, लघवीच्या गोळीचं काय करायचं विचारायला. मेडिकलमधनं परस्पर कुठलीही गोळी नाही, उलटी-ॲसिडिटीच्या आणि ॲंटिबायोटिकच्या साध्या वाटणाऱ्या काही गोळ्यासुद्धा ठोके बिघडवतात. वहीच्या पहिल्या पानावर ईएफ, स्टेंटची तारीख, गोळ्यांची नावं. ती वही आणि शेवटचा ईसीजी एकाच पिशवीत, दाराच्या खिळ्याला.

ऑगस्टमध्ये एकदा शॉक बसला. अण्णा जेवत होते, शेंगाचटणी आणि भाकरी. म्हणाले छातीत आतनं कुणीतरी लाथ मारली. आम्हाला सांगून ठेवलं होतं, एकच शॉक बसला आणि माणूस ठीक असेल तर त्या दिवशी डॉक्टरांना कळवा, लागोपाठ दोन किंवा सोबत त्रास असेल तर सरळ या. एकच होता. दुसऱ्या दिवशी मशीन तपासलं तर खरीच व्हीटी होती, आधी भरभर ठोके देऊन मोडली नाही म्हणून शॉक. अण्णा उरलेली अर्धी भाकरी आठवून आईला म्हणत होते, टाकली का ती.

त्यांचा एकच हट्ट होता, शेडमध्ये जायचं. मोबाईल पेटीपासून वीतभर लांब, वेल्डिंगपाशी जायचं नाही, मोठ्या चालू मोटारींवर ओणवं व्हायचं नाही, हे डॉक्टरांनी समजावलं होतं, नुसतं जाऊन बसायला हरकत नाही म्हणाले. गेल्या गुरुवारी दादानं नेलं, मीही गेले. दाराबाहेरच्या बाकावर बसले. आत आता माग कमी झालेत, दहा-बारा चालू होते. थोडा वेळ डोळे मिटून ऐकलं, मग आतल्या पोराला हातानं बोलावून काहीतरी सांगितलं, आवाजात मला ऐकू आलं नाही. पोरगा आत गेला आणि डावीकडचा चौथा माग बंद केला.